नाव पुसलेलं पाणी

आमच्या साहेबांना एका क्रियापदाचा नाद लागला, आणि त्याच महिन्यात माझ्या लेकीचं बाळ पोटातच गेलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला कळतं. तरी माझ्या डोक्यात त्या अशा गुंतून बसल्यात की एक सांगायला गेले की दुसरी मागोमाग येतेच.

साहेब म्हणजे माझा नवरा. दौंडच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे ते पाळक. गाव त्यांना पाळकसाहेब म्हणतं, म्हणून मी चिडवायला नुसतं साहेब म्हणायला लागले. आता ते चिडवणं राहिलं नाही, सवय झाली. मी शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाले तरी लोकांची वाक्यं दुरुस्त करायची खोड गेली नाही, आणि नाकावरचा रागही गेला नाही. साहेबांना तरुणपणी धर्मशिक्षणाच्या कॉलेजात हिब्रू शिकवलं होतं. त्यांच्याबरोबरचे बाकीचे परीक्षा देऊन मोकळे झाले, विसरून गेले. यांनी मात्र ते लोणच्यासारखं मुरवत ठेवलं.

बुधवारच्या वचनसभेला त्यांनी त्या महिन्यात एकच शब्द धरला होता. माखा. म्हणजे पुसणं, पुसून टाकणं. "बघ, मराठीत माखतात आणि हिब्रूत पुसतात," असं म्हणून स्वतःच हसले. मी हसले नाही, कारण मी ओट्याशी ताटं पुसत उभी होते आणि हे नुसते खुर्चीतून बघत होते. मी एक ताट पुसून पालथं घातलं तसे ते उठूनच उभे राहिले. जुन्या करारात म्हणे देव एका शहरावर चिडतो आणि म्हणतो, ताट पुसून पालथं घालावं तसं मी हे शहर पुसून टाकीन. "हेच क्रियापद! अगदी तुझ्या हातासारखं!" मी म्हटलं, "मग देवाला म्हणावं, ही दोन राहिलीत, तीही पुसून जा."

असं चाललं होतं आमचं. चहाच्या कपाबरोबर रोज एक नवीन पुसणं. महापुरात माणसं धुऊन गेली, ते हेच. शेवटी सगळ्यांच्या चेहऱ्यावरचे आसू कोणीतरी पुसणार आहे, तेही हेच. लोकांचा एक पुढारी देवाशी भांडतो, यांना माफ कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझंही नाव पुसून टाक, तिथंही तोच शब्द. मला हे सगळं ऐकायला आवडायचं, पण तसं कबूल करायची आमच्यात पद्धत नाही.

लेकीला आठवा लागला होता. ती आणि जावई दोघंही सणसवाडीला एकाच कंपनीत, तिथंच खोली घेऊन राहायची. जावयाचं घर शिरूरचं. लेक रजा टाकून चार दिवस सासरी राहणार आणि मग पहिल्या बाळंतपणाला दौंडला आमच्याकडं येणार, असं ठरलं होतं. मी दुपटी शिवून सासरी पाठवली होती, उगाच, हौस म्हणून. तिच्या दुधात घालायला केशराची छोटी डबी आणून ठेवली होती. आम्ही काही केशर खाणारी माणसं नाही. पण पहिलंच नातवंड.

फोन सकाळी आला. मी मेथी निवडत होते. जावयाचे वडील शिरूरहून बोलत होते. "ताई, घाबरू नगा. पोरगी बरी हाय. बाळ तेवढं न्हाई ऱ्हायलं."

तेवढं. मला त्या शब्दाचा अजून राग येतो.

मंडळीतल्या एकाच्या गाडीतून निघालो. गळिताचा हंगाम होता. पाटसच्या कारखान्याकडं चाललेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून उभ्या होत्या आणि चौफुल्याला तर गाडी जागची हलेना. मी ड्रायव्हरवर ओरडले, त्या बिचाऱ्याचा काय दोष. साहेब मागे बसून डोळे मिटून प्रार्थना करत होते. मला वाटलं, यांनी खाली उतरून एखाद्या ट्रॉलीवाल्याला शिवी दिली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं. न्हावरं मागं टाकून शिरूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली.

तोवर सगळं उरकलं होतं. मुलगी होती. जावई आणि त्याचे वडील, दोघंच जाऊन दफनभूमीच्या एका कडेला तिला ठेवून आले होते. ना पाळक, ना प्रार्थना, ना कुणी बाईमाणूस. साहेबांनी विचारलं तर व्याही म्हणाले, "थांबून काय करायचं साहेब? तिनं कुठं श्वास घेतला व्हता?" आणि लेकीला बाळ दाखवलंच नव्हतं. नर्स दाखवत होती म्हणे. विहीणबाईंनी हात आडवा केला. बघितलं की मनात राहतं, म्हणून.

मी जावयाला कोपऱ्यात गाठलं. "तुम्ही पाहिलंत ना तिला? कशी होती?" तो फरशीकडं बघत राहिला. वाईट नाही तो मुलगा. पण त्या दिवशी त्याच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते काही निघालं नाही.

लेक खाटेवर पडली होती, चेहऱ्यात रक्त नाही. बायका येत होत्या, उशाशी बसत होत्या, आणि प्रत्येकजणी तेच सांगत होती. मनातून पुसून टाक. विहीणबाई तर दर थोड्या वेळानं. "पुसून टाक बघ मनातनं. वय हाय तुझं, दुसरं व्हईल." आणि पाठ फिरवली की बाहेर बाकड्यावर बसून आल्यागेल्याला, "मी म्हनत व्हते, पोटुशी बाईनं त्या कंपनीच्या लायनीवर उभं ऱ्हाऊ नगं. आयकलं का? पैशाची हाव." मी हे दाराआडून ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बाहेर जाऊन मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. पाळकाच्या बायकोनं बोलू नये असं बोलले. जावयानं आठव्यापर्यंत काम कर म्हणून सांगितलं होतं, हे मला लेकीनं आधीच फोनवर सांगितलं होतं, आणि तो तिथंच उभा होता, आणि आईपुढं एक शब्द बोलला नाही.

संध्याकाळच्या आत साहेब तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला उभे राहिले. तेव्हा ती दिवसभरात पहिल्यांदा बोलली. "पप्पा, तिचं नाव घेऊन करा." आणि तिनं नाव सांगितलं. तिनं नाव ठरवून ठेवलंय हे मलाही ठाऊक नव्हतं. पोटातल्या पोरीला ती त्याच नावानं हाक मारत होती, महिने न् महिने, कुणाला न सांगता. ते नाव मी इथं लिहिणार नाही. चांगलं नाव होतं, एवढंच.

साहेबांनी डोळे मिटले आणि प्रार्थना केली. लांबलचक, सुंदर, मंडळीत करतात तशी. त्यात लेकीला सांत्वन होतं, घराण्याला धीर होता, आणि बाळासाठी एक शब्द होता. अर्भक. "त्या अर्भकाला तू आपल्या..." मी डोळे उघडून लेकीकडं पाहिलं. तिचेही डोळे उघडे होते. ती बापाच्या तोंडाकडं बघत होती, आता घेतील, आता घेतील, अशी. आमेन झालं. तिनं भिंतीकडं तोंड केलं.

बाहेर आल्यावर मी त्यांना धरलं. "नाव का नाही घेतलंत?"

"अगं, नाव बाप्तिस्म्याच्या वेळी देतात. जे जन्मलंच नाही त्याचं नाव मी देवापुढं कसं घेऊ? शास्त्रात त्याला आधार..."

"मग तिकडं कडेला पुरलंय ते काय आहे? सामान?"

ते कठोर मनाचे नाहीत. त्यांना नियमाबाहेर पाऊल टाकायची भीती वाटते, आणि दुःखात तर जास्तच वाटते. मला हे समजत होतं आणि तरी मला त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

दवाखान्यातून सोडल्यावर आम्ही तिला दौंडला आणलं. सासरचे म्हणाले, मन शांत होईस्तोवर राहू दे तिकडंच. मला वाटलं, आपल्या घरी, आपल्या अंथरुणावर पडली की खाईल, पिईल, रडेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. आधी बोलणं सोडलं. मग जेवण. मी पेज केली, मऊ भात केला, शहाळी आणली, तिला लहानपणी आवडायचे तसे रव्याचे लाडू केले. घास ओठांशी नेला की ओठ घट्ट. बळजबरी केली की ओठांतून गालावर ओघळायचं. मी पुसायची आणि पुन्हा भरवायची. मंडळीतल्या बाया यायच्या, आमच्या मंडळीत करतात तसा सलाम करून बसायच्या, गाणी म्हणायच्या, आणि जाताना माझ्या कानाशी तेच. तिला म्हणावं, पुसून टाक. मी एकीला म्हटलं, "तुमच्या पोराला घेऊन जाते आणि मग सांगते पुसायला." ती परत आली नाही. त्याचंही मला काही वाटलं नाही.

मग तिनं पाणीही सोडलं.

डॉक्टर घरी येऊन सलाईन लावून गेले. मला अंगणात घेऊन म्हणाले, "मॅडम, नुसत्या सलाईनवर असं किती दिवस काढणार? बाळंतीण आहे, अंगात ताकद नाही. तोंडानं काहीतरी गेलंच पाहिजे. उद्या सकाळपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही तर पुण्याला ॲडमिट करायचं. नाकातून नळी टाकतील. मानसोपचाराचे डॉक्टरही बघतील, त्यात लाज धरू नका." लाज कुणाला होती? मी तिला कुठंही न्यायला तयार होते. पण मला एक गोष्ट दिसत होती, जी डॉक्टरांना दिसत नव्हती. तिला विसरायचं नव्हतं, आणि सगळं जग तिला विसरायला सांगत होतं, म्हणून ती त्या बाळाच्या मागं निघाली होती. नळीनं तिच्या पोटात पाणी गेलं असतं. ती परत फिरली असती असं मला वाटत नव्हतं.

मी प्रार्थना केली. चांगली प्रार्थना नव्हती ती. मला तो देवाशी भांडणारा पुढारी आठवत होता. मी म्हटलं, तुला पुसायचंच असेल तर मला पूस, माझं झालंय सगळं, हिला ठेव. आणि उत्तर काही आलं नाही. बाहेर मालगाडीचे डबे जोडल्याचे धक्के ऐकू येत होते. मी तशीच जमिनीवर बसून राहिले आणि मला वाटलं, आपण आता उठूच नये.

भिंतीपलीकडं एक चाची राहतात. त्यांचे मालक रेल्वेत होते, वारून बरीच वर्षं झाली. तीन पिढ्या दौंडातच. ईदेला शीरखुर्मा इकडं येतो आणि नाताळाच्या करंज्या तिकडं जातात, एवढं आमचं आहे. त्या दुपारी त्या आल्या, पदराखाली काहीतरी झाकून. साहेब एका आजाऱ्याला भेटायला गेले होते. चाचींनी पदर काढला. पांढरी चिनी मातीची बशी होती, आणि तिच्यावर केशरानं बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं, कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल.

"माझ्या दिरानं लिवून दिलंय. कुराणातली आयत हाय," त्या म्हणाल्या. "ह्याच्यात पानी वतायचं, बोटानं पुसायचं आन् त्ये पानी पाजायचं. आमच्यात देत्यात असं, जीव घाबरला म्हंजी. तुमच्यात चालतंय का न्हाई मला ठावं न्हाई. पन मला घरात बसवंना, ताई."

मी बशी हातात घेतली. पिवळट तांबूस अक्षरं, अजून ओलसर. मी विचारलं, "आणि तिनं नाही प्यायलं तर?"

"तर मोरीत टाकू नगा. झाडाच्या बुडाशी वता, पाय पडनार न्हाई तिथं."

मी विचारही केला नाही. पाणी ओतलं, बोटानं अक्षरं पुसली, पाणी पिवळं झालं, आणि मी लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बशी तिच्या ओठांना लावली. तिनं तोंड फिरवलं. पुन्हा लावली. पुन्हा फिरवलं. थोडं चादरीवर सांडलं. चाची दारात उभ्या राहून ओठ हलवत होत्या. शेवटी आम्ही दोघींनी ते पाणी नेऊन परसातल्या शेवग्याच्या मुळाशी ओतलं. चाची रडल्या. माझ्या डोळ्यांत पाणीही येईना.

साहेब आले ते बरोबर त्याच वेळी. चाची निघून गेल्यावर त्यांनी बशीकडं पाहिलं, तळाला राहिलेल्या पिवळ्या रेघेकडं पाहिलं, आणि त्यांना कळलं. "पाळकाच्या घरात हे? उद्या मंडळीत कळलं तर मी काय तोंड दाखवू?"

मग मात्र माझा बांध फुटला. मी म्हटलं, "तुमच्या शास्त्रात काय वेगळं लिहिलंय? वचनसभेत कुणी सांगितलं होतं ते?" कारण बाळ जायच्या आधीच्या एका बुधवारी साहेबांनीच ते सांगितलं होतं आणि मी पहिल्या बाकावर बसून दातओठ खात ऐकलं होतं. नवऱ्याला बायकोचा संशय आला की तो तिला याजकाकडं आणतो. याजक शाप लिहितो, मग ते लिहिलेलं कडू पाण्यात पुसून टाकतो, आणि ते पाणी बाईला प्यायला लावतो. दोषी असली तर तिचं पोट सुजेल, नसली तर काही होणार नाही, लेकरं होतील. तिथलं पुसणं, हेच ते क्रियापद. साहेब त्या दिवशी अगदी रंगात येऊन सांगत होते, की पुसलेले शब्द नाहीसे होत नाहीत, पाण्यात उतरतात. मी घरी आल्यावर विचारलं होतं, "आणि त्या नवऱ्याला काय पाजायचं?" त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "काही नाही."

आता मी तेच त्यांच्या तोंडावर फेकलं. "लिहिणारा पुरुष, पुसणारा पुरुष, आणि पिणारी बाई. माझ्या लेकीवरही संशयच घेतलाय ना सगळ्यांनी? लायनीवर उभी राहिली, पोर मारली. आणि तुम्ही तिच्या पोरीला अर्भक म्हणालात. चाचीच्या बशीची लाज वाटते? मग तुम्ही लिहा. तुम्हीही याजकच आहात ना?"

"अगं, ते शाप होते," ते पुटपुटले.

"मग नाव लिहा."

ते खुर्चीत बसले. मला वाटलं, आता आधार शोधणार, कुठला अध्याय, कुठली ओवी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "केशर आहे का?"

मी लेकीसाठी आणलेली ती डबी काढली. सील तसंच होतं. चार काड्या कोमट पाण्यात भिजवल्या, आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळला. बशी धुऊन कोरडी केली. लेकीच्या खाटेपाशी स्टूल मांडलं आणि त्यावर सगळं ठेवलं. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती, सलाईनचा हात तेवढा या बाजूला.

साहेब लिहायला लागले. त्यांना एक सवय आहे. बाप्तिस्म्याचे दाखले लिहिताना ते प्रत्येक नाव तोंडानं म्हणत लिहितात, एकेक अक्षर लांबवून, चूक होऊ नये म्हणून. मंडळीतली पोरं त्यांची नक्कल करतात. त्या दिवशी काडी बशीला टेकली आणि त्या सवयीनंच त्यांच्या तोंडून पहिलं अक्षर निघालं. मग दुसरं. मग अख्खं नाव. मग दाखल्यावर लिहितात तसं बापाचं नाव, आडनाव. आणि मग ते क्षणभर थांबले आणि आडनावाच्या खाली त्यांनी लेकीचं, आईचं नावही लिहिलं. ते मात्र आमच्या दाखल्याच्या नमुन्यात बसत नाही. सगळं मोठ्यानं म्हणत.

लेक वळली. आपण होऊन, सलाईनची नळी ओढली जात होती तरी वळली. तिनं बशीकडं पाहिलं.

मी साहेबांच्या हाती पाण्याचा पेला दिला. त्यांनी तो बशीवर धरला. धरूनच ठेवला. मी म्हटलं, "ओता ना." पेल्यातलं पाणी हलत होतं, काठापर्यंत येत होतं, पडत नव्हतं. "ओता म्हणते ना!"

"नाही गं पुसवत मला," ते म्हणाले. "आत्ता तर लिहिलंय."

आणि हा माणूस, ज्यानं शिरूरच्या दवाखान्यात एक अश्रू गाळला नव्हता, जो गावातल्या प्रत्येक दफनाला ताठ उभा राहतो, तो हुंदके द्यायला लागला. पेला माझ्याकडं सरकवला. मीही तो घेऊ शकले नाही. माझ्या नातीचं नाव पहिल्यांदा कुठंतरी लिहिलेलं होतं आणि ते माझ्यासमोर होतं, सुबक, बापाच्या आणि आईच्या नावासकट. आम्ही दोघं म्हातारी माणसं त्या बशीपुढं नुसती बसून राहिलो. उद्या सकाळी पुण्याला न्यायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

लेकीनं हात पुढं केला. सलाईनचा नव्हे, दुसरा. तिनं बापाच्या पुढ्यातला पेला घेतला, बशीत पाणी ओतलं आणि एका बोटानं अक्षरं पुसायला लागली. घाई नाही. लहान बाळाचं तोंड पुसावं तसं, आधी कडा, मग मधलं. पुसताना तिचे ओठ हलत होते, ती नाव घेत होती. पाणी पिवळं झालं. तिनं दोन्ही हातांनी बशी उचलली. ती पडेल म्हणून मी खालून हात धरला, तर तिनं मानेनं नको म्हटलं. ती प्यायली. सगळं प्यायली. बशी वाकडी करून शेवटचा थेंबही जिभेवर घेतला आणि बोटाला लागलेलं केशर चाटलं.

मग ती बोलली. इतक्या दिवसांनी आवाज खरवडल्यासारखा आला. "आता कोण घेऊन जातंय बघू तिला."

मला त्या वेळी साहेबांचं सगळं हिब्रू कळलं, असं काही मी म्हणणार नाही. मला एवढंच कळलं, की दवाखान्यात तिच्याकडून काय हिसकावून नेलं होतं, आणि उरलेलं नावही सोडून दे असं आम्ही सगळे तिला सांगत होतो.

हे बरं झाल्याचं लिखाण नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही पुण्याला नेलंच, नळीची गरज पडली नाही, पण मानसोपचाराच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. जावयाला कंपनीत सुट्टी मिळत नाही, तो फोन करतो आणि ती फोन घेत नाही. दुपारी थोडी पेज घेते. कधी घेत नाही. कधी दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडते आणि माझा जीव पुन्हा टांगणीला लागतो. सकाळचं ते नावाचं पाणी मात्र घेते, आणि गोळ्या घेते त्या त्याच पाण्याबरोबर. दुसऱ्या कुठल्या पाण्यानं घेत नाही. डॉक्टर म्हणाल्या, घेतेय ना, मग चालू द्या, किती दिवस ते बघू. किती दिवस, ते मलाही कुणी सांगावं. केशर संपलं. आता हळद उगाळते.

रोज सकाळी साहेब अंघोळ करून खाटेपाशी बसतात आणि मोठ्यानं म्हणत नाव लिहितात. अक्षर पूर्वीपेक्षा मोठं काढतात, म्हणजे पुसायला तिला वेळ लागावा. मग ते उठून बाहेर जातात, त्यांना ते अजूनही बघवत नाही. मी थांबते, कारण कुणीतरी थांबलं पाहिजे. माझी लेक जगावी म्हणून आम्ही रोज माझ्या नातीला लिहितो आणि रोज पुसतो, आणि पुसताना ती दर वेळी माझ्यासमोर पुन्हा जाते.